आईची अपॉइंटमेंट

मार्गदर्शन केंद्रातली शेवटची अपॉइंटमेंट कोणाची आहे, हे छोटीनं पाहिलंच नव्हतं. दिवसभर आई-बाप आपापल्या मुलांना घेऊन येत होते. ‘हिला काय जमेल?’ असं विचारायचे आणि मुलीनं तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन मोकळे व्हायचे. ऐकून ऐकून तिचं डोकं जड झालं होतं. शेवटचे पालक एकदाचे उठले, तिनं गार झालेला चहा जवळ ओढला आणि दाराकडे न बघताच म्हणाली, “या, बसा.”

खुर्ची सरकली. मान वर करून बघते, तर समोर आई.

इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून बसवलेले केस, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात.

“आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. कुणाची तरी पँट आखूड करत बसलेत. मी वेळ घेऊन आलेय. बाहेरच्या मुलीला विचार.”

“अगं, पण मग घरी बोलली असतीस की.”

“घरी तू माझी मुलगी असतेस,” आई म्हणाली. “मी बोलायला लागले की तू मोबाइल बघतेस, नाहीतर मध्येच फोडणी करपते. इथं तू माणसाचं सगळं ऐकून घेतेस म्हणे. म्हटलं, आपणही बघावं.”

छोटीला हसू आलं, पण आई हसत नव्हती. मग तिनं मोबाइल पालथा ठेवला.

घरात तिला छोटी म्हणत. एकुलती एक होती, मोठी कोणी नव्हतीच, पण नाव पडलं ते पडलं. या केंद्रात मात्र ती मॅडम होती. कोणी कुठलं शिक्षण घ्यावं, कुठल्या कामात शिरावं, तिथून पुढे कसं जावं, हे सांगायचं तिचं काम. नवीनच लागली होती, त्यामुळे सल्ला देताना आवाज जरा घट्ट ठेवायची.

आई एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या विभागात वॉर्डातलं काम करायची. चादरी बदलायच्या, पेशंटला उठवायचं-बसवायचं, ट्रॉली ढकलायची. लग्नानंतर लगेच लागली ती तिथंच. सगळं हॉस्पिटल तिला मावशी म्हणायचं, अगदी तिच्याहून वयानं मोठे असलेले डॉक्टरसुद्धा.

“बोल,” छोटी म्हणाली.

“मेट्रननं बोलावलं होतं. म्हणाल्या, मावशी, तुम्हाला सुपरवायझर करतो. वॉर्डातल्या सगळ्या मावश्या तुमच्या हाताखाली. टेबल, खुर्ची, कपाटाची किल्ली.”

“अगं, मग पेढे... म्हणजे, आई, किती छान!”

“मला नकोय ते.”

“मग काय हवंय?”

“मला प्लास्टर घालायचंय,” आई म्हणाली. “प्लास्टर रूममध्ये. टेक्निशियन म्हणून. वस्ताद तीनेक वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या जागेवर कोणीतरी येणार. ते कोणीतरी मी का नाही, हे विचारायला आलेय.”

वस्ताद म्हणजे प्लास्टर रूमचे मुख्य टेक्निशियन. नाव काहीतरी वेगळंच होतं, पण दंड असे की पाहणाऱ्याला वाटावं, माणूस आखाड्यातून थेट इथं आलाय. म्हणून वस्ताद.

छोटीनं घसा साफ केला आणि आवाज घट्ट केला. टेक्निशियन व्हायचं तर प्रमाणपत्राचा कोर्स लागतो. कोर्सला शाळा पूर्ण केलेली लागते. आणि आईनं तर शाळा अर्धवट सोडली होती. म्हणजे आधी शाळेची शेवटची परीक्षा, मग कोर्स, मग उमेदवारी, मग जागा निघाली तर मुलाखत. त्यात वय. “आणि सुपरवायझरची जागा आज हातात आहे,” ती म्हणाली. “विचार करून बघ. व्यवहारानं बघितलं तर—”

“सगळ्यांना असंच सांगतेस?”

“कसं?”

“हेच. दार किती जड आहे ते. कुठल्या बाजूनं ढकलायचं ते सांगतच नाहीस.”

बाहेरच्या मुलीनं दिवे बंद करायला सुरुवात केली होती. छोटीनं तिला काचेतूनच थांबायची खूण केली, चहाचा कप बाजूला सरकवला आणि आज दिवसभरात कुणालाच न विचारलेला प्रश्न विचारला.

“बरं. मला सांग, कामावर तुझा वेळ पटकन कधी जातो?”

आईला विचार करावा लागलाच नाही. “प्लास्टर रूममध्ये. वस्तादांना हाताखाली कोणी नसलं की मला बोलावतात. मी पट्ट्या भिजवून देते. पट्टी पाण्यात सोडली की बुडबुडे येतात. ते थांबले की काढायची, हलकेच पिळायची, पण कोरडी करायची नाही.” बोलता बोलता तिचे हात पर्सवरून उठले होते आणि हवेत काहीतरी पिळत होते. “परवा एक चिमुरडी आली होती. प्लास्टर कापायचं होतं. ते मशीन सुरू झालं की मुलं थयथयाट करतात. त्यांना वाटतं, हात कापणार. वस्ताद बिचारे ‘काही होत नाही, काही होत नाही’ म्हणून घसा कोरडा करत होते. मी म्हटलं, थांबा. मशीन घेतलं आणि तिच्यासमोर माझ्याच तळहाताला लावलं. ते पातं गरगर फिरत नाही ना, नुसतं थरथरतं. कडक गोष्ट कापली जाते, कातडी त्याच्याबरोबर हलते. पोरगी बघत राहिली. मग म्हणते, मला पण लाव.”

छोटीनं आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरी आई कामावरचं सांगायची ते एवढंच, की आज गर्दी होती, किंवा आज लिफ्ट बंद होती.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग आपण उलटीकडून बघू. शेवटी तू प्लास्टर रूममध्ये उभी आहेस. त्याच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे काय असायला हवं? आणि त्याच्या आधी काय? असं करत करत आजपर्यंत यायचं.”

“म्हणजे उसवत यायचं,” आई म्हणाली. शिंप्याच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर तिला ते लगेच कळलं. “तुझे बाबा दुसऱ्याचा कोट शिकायला घेतात ना, तसं. आधी उसवून बघायचं, कुठला तुकडा कशाला जोडलाय.”

त्या दिवशी दोघींनी कोट पुरता उसवला. उठताना आईनं पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, “थँक्यू मॅडम.” मग दारातून वळून, “घरी येताना दूध आण.”

बाबांना सांगितलं तेव्हा ते मशीनवर होते. पाय थांबला, सुई कापडात तशीच राहिली.

“परीक्षा? आता?” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, या घरातल्या परीक्षा संपल्या.”

“तुमची कुठं झाली अजून?” आई म्हणाली.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करायची त्यांना सवय होती, पण बायको कधी थट्टा करते आणि कधी नाही, हे ओळखायचीही होती. “सकाळचा चहा मी करत जाईन,” एवढंच बोलून ते पुन्हा मशीन चालवू लागले. दिवसभराचा सगळा चहा आईच करत आलेली असल्यामुळे हे आश्वासन लहान नव्हतं.

मेट्रन मात्र दुखावल्या. “मावशी, लोक या खुर्चीसाठी जीव टाकतात,” त्या म्हणाल्या. “पुन्हा विचारणार नाही हं.” आणि खरंच विचारलं नाही. सुपरवायझरची जागा आईच्या मागाहून लागलेल्या, आईनंच चादर अंथरायला शिकवलेल्या एका बाईला मिळाली. तिनं पहिल्याच आठवड्यात कामाची फेरवाटणी केली आणि आईला हाडांच्या विभागातून उचलून थेट कपड्यांच्या भांडारात टाकलं. प्लास्टर रूम इमारतीच्या एका टोकाला, भांडार दुसऱ्या. दिवसभर नुसत्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या.

त्या दिवशी आई घरी आली ती थेट ओट्याशी. भाजी चिरताना सुरी पाटावर नको इतकी जोरात आपटत होती.

“जाऊन भांडते उद्या,” ती शेवटी म्हणाली. “काल आलेली बाई मला शिकवते!”

“भांडू नकोस,” छोटी म्हणाली. “तक्रार घेऊन गेलीस तर ती हो किंवा नाही म्हणेल, आणि तिला नाही म्हणायला आवडेल. मागणी घेऊन जा. तुला काय हवं आणि त्या बदल्यात तू काय देशील, दोन्ही सांग.”

आईनं तोंड वाकडं केलं, पण गेली. काय बोलली ते तिनं घरी पूर्ण सांगितलं नाही. पण ठरलं असं, की भांडारात नवीन लागलेल्या बायकांना आईनं काम शिकवायचं आणि दुपारनंतर प्लास्टर रूममध्ये हजर व्हायचं. सुपरवायझरबाईंना नवीन माणसं तयार मिळणार होती आणि आईला वस्ताद. “वाईट नाही गं ती,” आई दोन दिवसांनी म्हणाली. “खुर्ची नवीन आहे, जरा टोचत असेल.”

मग अभ्यास सुरू झाला. पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. ओट्याशेजारी आईची खुर्ची, समोर पुस्तक, आणि पुस्तकाला टेकण म्हणून मिठाची बरणी. विज्ञान तिला आवडलं. शरीराचा धडा तर तिनं वॉर्डातल्या ओळखीच्या माणसासारखा वाचला. पण बीजगणितानं तिच्या नाकी नऊ आणले.

“हा एक्स कोण आहे?” ती विचारायची.

“कोणीही असू शकतो. तोच तर शोधायचा.”

“मग ज्यानं हरवला त्यानं शोधावा.”

बाबा चहा गाळताना फिसकन हसायचे आणि गाळणं हलायचं. छोटीला मात्र कधी कधी राग यायचा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना तिचा आवाज चढायचा. एकदा तर ती म्हणाली, “आई, लक्षच देत नाहीस तू!” म्हणाली आणि जीभ चावली. आई पेन्सिल खाली ठेवून शांतपणे म्हणाली, “मी तुला पाढे शिकवताना हेच म्हणायचे. तू रडायचीस. मी रडणार नाही. पुन्हा सांग.”

तिनं पुन्हा सांगितलं.

परीक्षेत आईला विज्ञानात चांगले गुण मिळाले आणि गणितात पास होण्यापुरते. निकाल कळला तेव्हा ती भांडारात होती. तिथल्या बायकांनी घड्या घातलेल्या चादरींवर ताल धरला, म्हणे. घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, पाय धुतले, आणि मग नवऱ्याला सांगितलं, “एक्स सापडला.”

कोर्स हॉस्पिटलशी जोडलेल्याच संस्थेत होता. वर्गात बाकी सगळी छोटीहूनही लहान मुलं. पहिल्या दिवशी ती सगळी आईला बघून उभी राहिली, त्यांना वाटलं बाई आल्या. आई मागच्या बाकावर जाऊन बसली. पण प्रात्यक्षिकं सुरू झाल्यावर तीच मुलं तिच्याभोवती गोळा होऊ लागली, कारण तिची पट्टी कधी सुटायची नाही आणि तिच्या प्लास्टरवर कधी सुरकुती पडायची नाही.

सरावाला हात-पाय कमी पडायला लागले, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तिनं बाबांना आरामखुर्चीत बसवलं.

“कुठला पाय देता?”

“मशीनचा सोडून कुठलाही घे.”

तिनं आधी कापूस गुंडाळला, मग पट्ट्या भिजवल्या. बाबांचं लक्ष तिच्या हातांकडे होतं. “ओढू नकोस,” ते एकदा म्हणाले. “काठाला तिरकी बायस पट्टी लावताना ओढली की कापड चुण्या खातं.” आईनं मान डोलावली. पट्टी नुसती फिरवत नेली आणि तळहातानं हळूहळू गुळगुळीत केली. वाळत आलं तसं प्लास्टर गरम झालं. बाबा म्हणाले, “अरे वा, शेकसुद्धा मिळतो!” आणि डोळे मिटून झोपी गेले.

जागे झाले तेव्हा पाय खांबासारखा झाला होता.

“काढ आता.”

आई त्यांच्याकडे बघायला लागली. “मशीन हॉस्पिटलात आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या.”

छोटीनं पाण्याची बादली आणून भिजवून बघूया म्हटलं, शिंपीकामाची मोठी कात्रीही लावून बघितली. पण कात्री बिघडेल म्हणून बाबांनीच ती हिसकावून घेतली. आईचं काम पक्कं होतं, ते दाद देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रिक्षात पाय आडवा टाकून बायकोबरोबर निघाले. गल्लीतलं प्रत्येक दार उघडलं. “काय झालं हो? पडलात का?” असं जो तो विचारायचा. बाबा मान ताठ करून सांगायचे, “पडलो नाही. हिनं घातलंय. बघा, हात लावून बघा!” प्लास्टर रूममध्ये वस्तादांनी तो पाय डावीकडून, उजवीकडून पाहिला, बोटानं टकटक वाजवला आणि म्हणाले, “कापायला जिवावर येतंय.” त्या एका वाक्यावर आई आठवडाभर हवेत होती.

म्हणूनच पुढं जे झालं ते तिला जास्त लागलं.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आल्या होत्या, हाडांच्या मोठ्या डॉक्टर. आईनं मनगटाचं प्लास्टर घातलं. निर्दोष होतं, त्यात वाद नव्हता. मग तोंडी परीक्षा.

“पाणी कोमटच का घेतलंत? जास्त गरम का नाही?”

“कोमटच घेतात,” आई म्हणाली.

“हो, पण का?”

“वस्ताद तसंच घेतात.”

“बरं. तुम्ही तळहात वापरलात, बोटं टेकवली नाहीत. का?”

“तसंच करायचं असतं, मॅडम.”

“पेशंट संध्याकाळी परत आला. बोटं सुजलीत, बधिर झालीत, खूप दुखतंय. तुम्ही काय समजाल?”

काय करायचं ते तिला माहीत होतं. ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचं, प्लास्टर फोडायची तयारी करायची. हे तिनं कितीदा पाहिलं होतं. पण काय समजायचं? आत नेमकं काय चाललेलं असतं? ती म्हणाली, “डॉक्टरांना बोलवीन.” परीक्षक थांबून राहिल्या. पुढे काहीच आलं नाही.

आई नापास झाली.

घरी आल्यावर तिनं कोणाला बोलू दिलं नाही. छोटी म्हणाली, “त्यांनी तुझं काम बघायला हवं होतं, तुझे हात—” तर आईनं हात वर करून तिला थांबवलं. “चूक त्यांची नाही,” ती म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टर रूममध्ये गेली. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोठ्या पालथ्या बादलीवर फळी टाकून तिच्यावर बसले.

“माझे हात घेतलेस तू,” ते म्हणाले. “बरं केलंस. पण तोंडही माझंच घेतलंस. त्या बाईंनी मला विचारलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं, असंच करतात म्हणून. नवीन तऱ्हेची प्लास्टरं आली, नवीन खोल्या झाल्या, शिकवायच्या जागा निघाल्या. प्रत्येक वेळी मी इथंच. कारण मी कधी का म्हणून विचारलं नाही. मला लाज वाटायची. तुला वाटते का?”

“वाटते,” आई म्हणाली.

“मग वाटू दे. पण विचार.”

त्या दिवसापासून आईनं विचारायला सुरुवात केली. हाडांच्या विभागात एक तरुण डॉक्टर होते, सडसडीत, सतत घाईत. आईनं त्यांना गाठलं. पाणी जास्त गरम का नाही? तर प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं, वर गरम पाणी घेतलं तर ते आणखी तापतं आणि पेशंटची कातडी भाजू शकते. बोटं का टेकवायची नाहीत? तर ओल्या प्लास्टरवर बोटाचा खळगा पडतो, आतून तो कातडीवर दाब देतो आणि तिथं जखम होते, जी वरून दिसतही नाही. कोपर इतकंच का वाकवायचं? घोटा काटकोनात का? डॉक्टर आधी चालता चालता उत्तरं द्यायचे. मग थांबून द्यायला लागले. मग कागदावर चित्र काढून. काही ‘का’ असे निघाले की ते म्हणायचे, “उद्या वाचून सांगतो.” वॉर्डात आईचं नाव ‘का-मावशी’ पडलं. ती दिसली की लोक म्हणायचे, “आल्या का?” आणि हसायचे. तीही हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

छोटी हे सगळं बघत होती. केंद्रात येणाऱ्या मुलांशी ती आता वेगळं बोलायला लागली होती. मुलांना आधी त्यांच्या दिवसाबद्दल विचारायची. पालकांना बाहेरच्या बाकावर बसवायची. एका वडिलांनी विचारलं, “तुम्ही हे कुठं शिकलात?” तिनं सांगितलं, “हॉस्पिटलातल्या एका मावशींकडून,” आणि मग तिला सुधारावंसं वाटलं, “एका टेक्निशियनकडून.” आई अजून टेक्निशियन झाली नव्हती. पण छोटीच्या तोंडून ते आपसूक गेलं.

दुसऱ्या वेळी परीक्षक त्याच होत्या. आईला बघून त्यांनी चष्मा सारखा केला.

“पेशंट संध्याकाळी परत आला,” त्या म्हणाल्या. “बोटं सुजलीत, बधिर झालीत.”

“आत सूज वाढलीय,” आई म्हणाली. “प्लास्टर ताणलं जात नाही, त्यामुळे सुजेला जागा नाही. दाब वाढतो आणि रक्त पुढे जात नाही. थांबलं तर स्नायू मरतात, हात कायमचा जाऊ शकतो. मी डॉक्टरांना तातडीनं बोलवीन आणि तोवर प्लास्टर फोडायची तयारी ठेवीन. कापूससुद्धा शेवटपर्यंत कापायला लागतो. पुष्कळदा प्लास्टर फोडतात आणि आतला कापूस तसाच राहतो, तोही आवळतो.”

“आणि हे का, असं मी विचारणार होते.”

“म्हणून आधीच सांगितलं,” आई म्हणाली.

परीक्षक हसल्या. आई पास झाली, तीही चांगल्या गुणांनी.

जागेसाठी मुलाखत झाली. तीन जण आले होते, दोघं तरुण, एकाला आईपेक्षा जास्त शिक्षण. मुलाखतीला जाताना आईनं छोटीला विचारलं, “काय बोलू?” छोटी म्हणाली, “तुला जे येतं ते सांग. जे येत नाही तेही सांग, आणि ते कधी शिकणार हेही.” आईनं तसंच सांगितलं. नव्या पद्धतीचं हलकं प्लास्टर, ज्याला रंगीत पट्ट्या असतात, ते तिला नीट येत नव्हतं. तिनं ते कबूल केलं आणि त्याचं शिक्षण कुठं मिळतं, आपण तिथं आधीच चौकशी केलीय, हेही सांगून टाकलं. समितीत मेट्रनही होत्या. नेमणुकीचं पत्र त्यांनीच आईच्या हातात दिलं. “मी तुम्हाला खुर्ची देत होते,” त्या म्हणाल्या. “बरं झालं घेतली नाहीत. इथं बसायला वेळ कुठं मिळणार तुम्हाला!”

बाबांनी दुकानातली बाकीची कामं बाजूला सारून तिचा पांढरा कोट शिवला. हॉस्पिटल कोट देतं, हे आईनं चारदा सांगितलं. “देऊ दे,” ते म्हणाले. “त्यांचा खांद्यात बसणार नाही.” त्यांनी तिचं माप घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माप त्यांना तोंडपाठ होतं, तरी टेप लावून नव्यानं घेतलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडता येतील अशा, आणि उजव्या खिशाला आतून दुहेरी कापड, कात्रीचं टोक बाहेर येऊ नये म्हणून. बटणांची काजं हातानं केली. घालून बघ म्हणाले आणि ती आरशासमोर उभी राहिली, तेव्हा ते मागं होऊन दाराला टेकले. आईनंच विचारलं, “काय हो, कुठं चुकलंय का?”

“नाही,” ते म्हणाले. “बघू दे ना जरा.”

वस्तादांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी छोटीनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आईला न सांगता हॉस्पिटलात गेली. प्लास्टर रूमच्या बाहेर लांब बाक होता. कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय खुर्चीवर. दार अर्धवट उघडं होतं. आत निळसर भिंती, मधोमध उंच टेबल, कोपऱ्यात स्टीलच्या बादल्या, जमिनीवर पांढऱ्या पावडरीचे ठसे. आई पाठमोरी उभी होती.

टेबलावर एक मध्यमवयीन गवंडी होता. शिडीवरून पडला होता. सडसडीत डॉक्टरांनी मनगटाचं हाड जागेवर बसवलं आणि हात धरून ठेवला. “मावशी, तुम्ही सांगाल तसं,” ते म्हणाले.

आईनं बाह्या दुमडल्या. बोटं पाण्यात बुडवून बघितली. कापूस, मग पट्टी, मग पुढची पट्टी. काही घाई नव्हती आणि कुठं थांबणंही नव्हतं. गवंड्याची नजर तिच्या हातांवर खिळली होती. स्वतः भिंतीला गिलावा करणारा माणूस, त्याला दुखण्याचा विसर पडलेला दिसत होता.

“तळहातानं करता?” त्यानं विचारलं.

“हो,” आई म्हणाली. “का ते सांगू?”

आणि तिनं त्याला सांगितलं. बोटाचा खळगा, आतला दाब, जखम. मग घरी गेल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं, बोटं कशी हलवायची, रंग बदलला तर घड्याळ न बघता परत कसं यायचं, हेही. त्याच्याकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. तो चुकला तिथं थांबवलं आणि परत सांगितलं, न चिडता.

छोटीशेजारी बाकावर त्या गवंड्याची बायको बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. “नवीन आहेत का हो या बाई?” तिनं हळूच विचारलं. “आधी एक पैलवान असायचे. या नीट करतात ना?”

छोटी बाकावर ताठ बसली.

“या मुख्य टेक्निशियन आहेत,” ती म्हणाली. “माझी आई आहे.”

बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग दारातून आत पाहिलं, मग पदर बोटावरून सोडला. “असं होय,” ती म्हणाली आणि पाठ टेकून बसली.

गवंडी हात गळ्यात अडकवून बाहेर आला. त्याच्यामागून आई आली, पुढचं नाव पुकारायला. कोटावर पांढरे शिंतोडे, कपाळावरही एक. तिला छोटी दिसली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं, इतकं की छोटी बाकावरून अर्धवट उठलीच. पण त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं.

“बाजूला हो गं,” आई म्हणाली, “स्ट्रेचर येतंय.”

आणि छोटी भिंतीला चिकटून उभी राहिली. स्ट्रेचर आत गेलं आणि आईनं बाह्या पुन्हा वर केल्या.